लाकूड उकळत ठेवून झोपू नकोस

प्रिय चिऊ,

काल रात्री तू पाठवलेला फोटो पाहिला. शेगडीवर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, त्यातून अर्धं लाकूड बाहेर आलेलं, आणि वेळ पावणेएक. मी लगेच फोन करून रागावलो, तू फोन ठेवलास. आता फक्त तुझ्या माशांच्या टाकीत घालायच्या त्या लाकडाबद्दल लिहायचं ठरवलंय. गॅसचा विषय काढणार नाही.

लाकूड मात्र छान निवडलंस. साल गळून गेलेली, ऊन-पाणी खाऊन टणक झालेलं, आणि ती खालची कमान! मासे तिच्याखालून ये-जा करतील. एकदा खिळ्याने टोचून बघ. कुठे भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग सुरीने कोरून काढ, नाहीतर पाण्यात तोच आधी कुजतो. चिकट राळ हाताला लागत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर ते लाकूड टाकीत घालूच नकोस. नदीकाठचं आहे म्हणालीस ते बरं झालं. समुद्रकाठचं असतं तर आतलं मीठ काढण्यातच कितीतरी दिवस गेले असते.

घासायला खरखरीत ब्रश आणि साधं पाणी, बस. साबण नको, ब्लीच तर नकोच. लाकूड ते शोषून घेतं आणि पुढे हळूहळू टाकीत सोडत राहतं. मग तास-दोन तास उकळायचं, पाणी गडद झालं की ओतून द्यायचं आणि पुन्हा भरायचं. बुरशी, किडे मरतात, टॅनिन, म्हणजे लाकडातून उतरणारा तपकिरी रंग, तोही लवकर सुटतो. बाहेर राहिलेलं टोक नंतर उलटं करून उकळायचं. आणि पाणी आटत जातं, चिऊ. आटलं की लाकूड तळाला करपतं. उतू गेलं तर ज्योत विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने हे काम हातात घेऊच नये. सुट्टीच्या दिवशी, दिवसाढवळ्या, तिथेच खुर्ची टाकून बसावं. ओव्हनमध्ये वाळवायचा विचार असेल तर तोही सोड, लाकूड पेट घेऊ शकतं.

बघ, काढलाच विषय. राग मानू नकोस. तू मोठी झालीस, मला कळतं. पण तू कुठेही झोपतेस हेही मला माहीत आहे. नंदूमामाकडे तर स्टुलावर बसल्या बसल्या झोपायचीस, कपाळ टाकीच्या काचेला टेकलेलं. त्याच टाकीत तू पहिलं जावा फर्न बांधलंस, ताईच्या पेटीतला काळा दोरा घेऊन. एक टोक दातात, दुसरं बोटाला गुंडाळलेलं, आणि रोप लाकडावर बसेना म्हणून डोळ्यांत पाणी. मामाने मदत करू का विचारलं तर नुसती मान हलवलीस. पुढे दोरा कुजून गेला, पण तोवर मुळांनी लाकूड धरलं होतं. ते दिवस आईच्या दुखण्याचे. आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि तू एकटी त्या टाकीचं पाणी बदलत होतीस. हे तुला कधी बोललो नाही.

तर, भिजवण्याचं. खरं सांगायचं तर एवढं मोठं लाकूड उकळलंच पाहिजे असं नाही. टबात ठेव, वरून किटलीतलं उकळतं पाणी ओत, गार झालं की बदल, पुन्हा ओत. मग बुडेपर्यंत साध्या पाण्यात राहू दे. आठवडा लागेल, कदाचित महिनाही. इलेक्ट्रिक किटली आपोआप बंद होते, हा तिचा मोठा गुण. थांबायचं नसेल तर खाली वजनाला चपटी दगडी पाटी स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसव. तांब्या-पितळेचं काही वापरू नकोस. तांबं गोगलगायींना आणि झिंग्यांना मारतं.

एवढं करूनही पाणी थोडं चहासारखं होईल. घाबरू नकोस, टॅनिनने माशांना अपाय होत नाही. पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असेल तर पीएच थोडा उतरतो, म्हणजे पाणी किंचित आम्लधर्मी होतं; जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर फारसा हलत नाही. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे रंग शोषून घेणारा कोळसा घाल आणि पाणी बदलत राहा. पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो. तो पाहून लोक लाकूड फेकून देतात. तू फेकू नकोस, गोगलगायी तो खातात, नाहीतर ब्रशने निघतो, आणि काही दिवसांनी यायचा थांबतो. मात्र कुजक्या अंड्यासारखा वास आला तर लाकूड लगेच बाहेर काढ.

मासे सोडण्याआधी पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट, माशांना विषारी असलेले हे दोन्ही, शून्यावर येईपर्यंत थांबलीस, हे ताईकडून कळलं. एवढा धीर मोठ्या माणसांनाही धरवत नाही. म्हणूनच त्या रात्रीची घाई मला समजली नाही. ड्यूटीवर काही झालंय का? झोप होते ना? लाकडाचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल, याचं दे.

आई रविवारी फोन करणार आहे. उचल. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा