लाइफ जॅकेट अंगावरच हवे

रविवारच्या पुरवणीतील, कॅलिफोर्नियातील लेक टाहोकाठच्या स्टेट पार्कांवरील लेखात पाण्याच्या थंडीचा उल्लेख राहून गेला. उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या इथल्या आईवडिलांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या या सरोवरात वितळलेल्या बर्फाचे पाणी येते. जूनमध्ये ऊन असले तरी पाणी गारठलेलेच. अचानक पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, १० मिनिटांत हातपाय दुबळे होतात. पट्टीचा पोहणाराही यात बुडू शकतो. तिथे लहान बोटींवर १३ वर्षांखालील मुलांनाच जॅकेट घालणे सक्तीचे आहे. मोठी माणसे ते पॅडलबोर्डला (उभे राहून वल्हवायच्या फळीला) बांधून ठेवतात. पण गार पाण्यात आखडलेल्या बोटांनी बकल लागत नाही. काठावरच ते अंगावर घट्ट बांधावे. दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळीच पाण्यात उतरावे.

— एक वाचक, पुणे