आण्णा, त्या दिवशी ट्रॅफिक नव्हतं

प्रिय आई आणि आण्णा,

फोनवर माझ्या या आजारपणाचं बोलायला गेलं की आण्णा "बरं बरं, घे हिच्याशी बोल" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलास का विचारते, मग मी जेवलो म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून लिहितोय. वॉट्सॅपवरच पाठवतोय पण मोठं झालंय. आण्णा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी एक खोटं सांगितलेलं कबूल करतो. मागच्या वर्षी, 2023 ला, गौरी विसर्जन करून आम्ही कराडहून पुण्याला निघालो आणि वाटेत मी फोन केला होता की खंबाटकी घाटाला ट्रॅफिक तुंबलाय, पोचायला उशीर होईल. ट्रॅफिक नव्हतं. बोगद्यात शिरलो आणि छातीत धाडधाड व्हायला लागलं, हाताच्या बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, आणि असं पक्कं वाटलं की आता या बोगद्यातच मी मरणार, मागच्या सीटवर पिल्लू झोपलेली, मांडीवर आईनं दिलेला करंज्यांचा डबा. कसाबसा बाहेर आलो, गाडी कडेला घेतली आणि स्टीअरिंग धरून बसलो. पुढची सगळी गाडी सूनबाईनं चालवली. त्या रात्री पुण्यात इसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले अ‍ॅसिडिटी असेल. तुम्हालाही नंतर पित्तच सांगितलं. (पित्तानं आपल्या घराची अब्रू फार वर्षं सांभाळलीय, त्यावर पुढं बोलतो.)

त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला पुढं तीन महिन्यांनी कळलं. त्यात हार्टला काही झालेलं नसतं, पण शरीर मात्र वाघ समोर आल्यासारखं वागतं, श्वास जोरजोरात घेतल्यानं त्या मुंग्या येतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत जोर ओसरतो. अटॅकपेक्षा वाईट काय असतं सांगू? पुन्हा येईल ही भीती. मग मी लिफ्ट सोडली, मॉल सोडले, हायवे सोडला. दिवाळीला आलो नाही तेव्हा तुम्हाला ऑफिसमध्ये रिलीज आहे म्हणून सांगितलं, तर खरं कारण हे होतं की कात्रजच्या पुढं यायची माझी छाती होत नव्हती.

आणि त्या भीतीच्या मागून दुसरं आलं, डिप्रेशन, ते हळू आलं. पहाटे साडेतीन-चारला टक्क जाग, मग झोप नाही, आणि सकाळी सगळ्यांत वाईट. अंघोळीला जायचं म्हणजे गड चढायचा. आई, तुझी शेंगदाण्याची चटणी भाकरीवर घेतली आणि चवच लागली नाही, भुसा खाल्ल्यासारखं, त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, चटणीसाठी. ऑफिसमध्ये एक साधी मेल वाचायला वीस मिनिटं लागायची. दुःख असं नव्हतंच, तुम्ही "कशाचं एवढं टेन्शन आहे तुला, फ्लॅट झाला, पोरगी गोड आहे" म्हणता ना, ते बरोबरच आहे, मलाही कारण सापडत नव्हतं आणि कारण नाही म्हणून स्वतःची आणखी लाज वाटायची.

डिसेंबरात सूनबाईनं न विचारता सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घेतली. आधी रक्त तपासलं, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, डी, कारण त्यांच्यातल्या गडबडीनंही असं होऊ शकतं. मग एक कागद भरायला दिला, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. 27 पैकी माझे 19 आले. आयुष्यात कुठल्या पेपरात कमी मार्क पडायला हवे होते तर याच. नववा प्रश्न होता की आपण नसलेलं बरं असं मनात येतं का. मी "काही दिवस" वर खूण केली. आई, घाबरू नकोस, हे मुद्दाम लिहितोय कारण हे लपवलं तर बाकीचं सांगण्यात काही राम नाही. डॉक्टरांनी तिथंच सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं, आणि ते कुणालातरी सांगितल्यावर त्याचं वजन अर्धं झालं. एका रात्री तीन वाजता मी 14416 ला पण फोन केलाय, टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, 2022 पासून, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी सल्ला बिल्ला काही दिला नाही, नुसतं ऐकलं आणि शेवटी घरात आत्ता कोण जागं आहे विचारलं. मी सूनबाईला उठवलं. ती रात्र गेली. आता तसं मनात येत नाही.

आता आण्णा तुमचा प्रश्न. "गोळ्या कधी बंद होणार?" दर रविवारी विचारता.

तुम्हाला वाटतं त्या झोपेच्या गोळ्या आहेत आणि मला सवय लागेल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय लागू शकते अशी एक छोटी गोळी मला सुरुवातीला तीन आठवडे दिली होती आणि डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे कमी करत बंदही केली. रोज जी घेतो ती वेगळी, तिनं गुंगी येत नाही, ती घेतल्यावर लगेच काही कळतसुद्धा नाही. उलट पहिले दहा दिवस मळमळ, जांभया, अस्वस्थपणा वाढलेला, मी म्हणत होतो बंद करा. तीन-साडेतीन आठवड्यांनी एक दिवस मी पिल्लूच्या जोकवर हसलो आणि सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली.

मग मार्च उजाडला. तुम्ही म्हणालात, "आता बरा दिसतोयस, मग कशाला ते विष पोटात घालायचं, बंद कर." आणि मी केल्या. तुमच्यावर ढकलत नाही, मलाही तेच हवं होतं, तुम्ही फक्त बोललात. डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बंद. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा पहाटेचे साडेतीन. शून्यावरून परत सुरुवात. डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले निम्मे पेशंट हेच करतात, बरं वाटलं की सोडतात. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरसुद्धा साधारण सहा ते नऊ महिने तरी घ्यायची, माझं एकदा उलटलंय म्हणून थोडं जास्त, आणि मग काही आठवड्यांत पायरीपायरीनं कमी करत न्यायची. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तरी विचारू नका.

तुम्ही 31 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत. ड्रायव्हर सांगायचा गाडी मस्त पळतीय, सोडा मला, आणि तुम्ही म्हणायचा पळतीय ते मला दिसतंय, खाली घुसून बघितल्याशिवाय सोडणार नाही. मला पण जरा तसंच धरून ठेवा की.

दुसरी तुमची भीती, कुठं नोंद होईल, नोकरीत कळेल. 2017 चा कायदा आहे मानसिक आरोग्याचा, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची हे लिहिलंय, आणि बाकीच्या आजारांसारखाच याला पण विमा द्यायला पाहिजे हेही लिहिलंय. प्रत्यक्षात विमावाले किती खळखळ करतात ते सोडा. ऑफिसमध्ये मी माझ्या लीडला स्वतःच सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला माझ्या बायकोची पण हीच ट्रीटमेंट चालू आहे. म्हणजे बघा, शेजारच्या खुर्चीत बसणारा माणूस आणि आम्ही चार वर्षं एकमेकांना वीकेंड कसा गेला विचारत होतो.

गोळ्यांबरोबर दर आठवड्याला काउन्सेलिंग चालू आहे, त्यातलं मजेशीर तेवढं सांगतो. मॅडमनी मला शिडी काढायला सांगितली, भीती वाटणाऱ्या जागा कमीतून जास्तीकडे. मी आपला पुणे-कराड रस्ताच काढला. खालच्या पायरीवर नवले पूल, मग कात्रजचा बोगदा, मग खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सातारा, उंब्रज, कराड. नियम असा की एका पायरीवर जायचं, भीती आली की पळून यायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं, आणि हे परत परत करायचं, कंटाळा येईपर्यंत. खेड शिवापूरच्या टोलच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर मी सलग चार रविवार तासतास बसलोय, तो चहावाला मला इन्कम टॅक्सचा माणूस समजत असणार. शिरवळला दोनदा उलट फिरलो. मॅडम म्हणाल्या उलट फिरलात तेही लिहा वहीत. जुलैच्या शेवटी पावसात घाट चढून सुरूरपर्यंत आलो आणि तिथून तुम्हाला फोन केला, आठवतंय का, आई म्हणाली एवढा वारा कशाचा येतोय. खंबाटकीचाच होता.

पण ज्याला मी घाबरतो तो खंबाटकीचा बोगदा येताना लागत नाही. पुण्याहून येताना वरून घाट, बोगदा लागतो तो परत जाताना. सुरूरहून मागं फिरलो तेव्हा सूनबाईनं चालवली आणि मी शेजारी डोळे उघडे ठेवून बसलो, एवढंच आत्तापर्यंतचं कर्तृत्व. म्हणजे तुमच्यापर्यंत पोचायला आता जमेल, निघायलाच अवघड जाणारे.

आता आई तुझ्याशी. आण्णा, इथं थांबू नका, वाचा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. मी चटकन नाही म्हणालो. बाहेर येऊन गाडीला किक मारली आणि मारता मारता थांबलो. मी चौथीत होतो. ज्या वर्षी तू दवाखान्यात गेलीस आणि बाळ घरी आलं नाही. नंतर तू माजघरात भिंतीकडं तोंड करून झोपायचीस, मी शाळेतून आलो तरी वळायची नाहीस. वेणी घातलेली नसायची. आण्णा डेपोतून येऊन पिठलं करायचे, भाकरी करपायची, आम्ही दोघं काही न बोलता खायचो. आत्या एकदा ओट्यापाशी म्हणाली, "थेरं आहेत नुसती, चार पोरं गेलेल्या बायका बघितल्यात आम्ही," आणि तू ते ऐकलंस, मला माहितेय, कारण तू चादर डोक्यावर घेतलीस. तुला अंगारा लावला, ताकदीची इंजेक्शनं दिली, शेजारी विचारलं की आण्णा सांगायचे पित्त आहे.

ते पित्त नव्हतं गं. थेरं तर नव्हतीच. मला 35 व्या वर्षी बायको, डॉक्टर, गोळी, वही, चहावाला सगळं मिळालं तरी मी दोनदा आपटलो. तुला तिशीच्या आत काय मिळालं? मी पण त्यातलाच, मला तुझा राग यायचा, डबा कोण भरणार म्हणून. हे मी एवढी वर्षं कुणाला बोललो नाही.

आण्णा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. करपलेली भाकरी रोज केलीत ना तुम्ही. तुम्हाला दुसरं काय करायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारपर्यंत येतोय, सातारपर्यंत मी चालवणार, पुढं बघू. वाटेत थांबत येणार, म्हणून दर अर्ध्या तासाला कुठं आलास विचारू नका, मी उंब्रजहून फोन करतो. काकांना पित्त सांगितलंय ते आता काढून टाका, विचारलं तर मी सांगेन. आई, काढा करून ठेवू नकोस, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी घेणार नाही आणि मग तू रुसशील. करंज्या चालतील.

आणि एक. त्या वर्षी उन्हाळ्यात तू हळूहळू उठायला लागलीस, संध्याकाळी एकटीच प्रीतिसंगमावर घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचीस, अंधार पडला की आण्णा मला पाठवायचे बोलवायला. मी वरूनच हाक मारायचो, खाली यायचो नाही, तू जरा वेळानं उठायचीस. तिथं बसून काय करायचीस? यावेळी आपण दोघं जाऊ, तिथं सांग. नाही सांगावंसं वाटलं तर नुसती बसू.

तुमचा,
बाळ्या