विश्रामबाग (सांगली) बाजारपेठ पुनर्विकास : हरकती लिहिताना

सर्व सभासदांना नमस्कार. मोठी शोरूम हवीत की किराणा, गिरणी, भाजी टिकायला हवी, यावर गटात भरपूर चर्चा झाली. आता ती कागदावर यायला हवी.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम ३७ खाली शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल असेल तर नोटिशीपासून एका महिन्यातच हरकत चालते. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे, दोन प्रतींत. सिटी सर्व्हे नंबर आणि नकाशाचा तुकडा जोडाच. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाहीतर सुनावणीचं पत्र न येण्याचा धोका असतो. छापील मजकुरावर नुसत्या सह्या नकोत, त्या एकगठ्ठा निकाली निघतात.

‘छोटी दुकानं वाचवा’ एवढ्यानं भागत नाही. तळमजल्यावर १०० ते १५० चौ. फुटांचे गाळे किती, जुन्या भाडेकरूंना जागा कुठे, माल उतरवायला टेम्पो कुठे लागणार, हे मागा. तळघरात पार्किंग दाखवलं असेल तर पूररेषेचा नकाशा आधी पाहा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

भाजीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे : सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत त्यांना हटवता येत नाही. हे त्यांनाही सांगा.