हार्ड डिस्कला वाऱ्याची वाट करून देणाऱ्या काकांस

वेंगुर्ले,
मृगाचा पहिला आठवडा

आदरणीय काका,
कृ. सा. न. वि. वि.

आपले नाव कोठेही लिहू नये असे आपण बजावल्यामुळे हे पत्र बिननावाचे जात आहे. तरी बंदरावर होड्यांचे वायरलेस संच दुरुस्त करणारे काका म्हटल्यावर आमच्या भागात अधिक खुलासा लागेल असे वाटत नाही.

गेली अकरा वर्षे कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांमधून मी दशावताराचे जे रात्र-रात्रभराचे प्रयोग चित्रित करत आले, ते सारे एका छोट्या डेस्कटॉपमधील दोन हार्ड डिस्कवर साठवलेले आहेत. जागा वाचावी म्हणून घेतलेले ते अरुंद कॅबिनेट मी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवले होते आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमालही घातला होता (त्या रुमालाकडे पाहून आपण काहीच बोलला नाहीत, हे मला पुरेसे बोलके वाटले). मे महिन्यातल्या एका दुपारी वरच्या डिस्कचे तापमान ५८ अंश सेल्सिअस दिसले. घरी वापरायच्या बहुतेक डिस्कसाठी कंपन्या ६० अंशांची कमाल मर्यादा देतात, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरले आणि खोलीला एसी बसवण्याची चौकशी करू लागले.

आपण आलात, कप्प्याचे दार उघडून आत हात घातलात आणि म्हणालात, "वारो खंयसून येता नि खंय जाता, ता आदी बघूया." त्यानंतर आपण स्क्रू-ड्रायव्हर काढाल अशी माझी अपेक्षा होती, पण आपण वही मागितलीत. दोन दिवस सकाळ, दुपार आणि रात्री खोलीचे तापमान एका रकान्यात आणि दोन्ही डिस्कचे त्याच्या शेजारी लिहायला सांगितलेत. खोली ३३ अंशांवर असताना वरची डिस्क ५८ आणि खालची ५४ असे आकडे आले, तेव्हा ५८ या आकड्यापेक्षा त्यातला २५ अंशांचा फरक महत्त्वाचा आहे, हे आपण दाखवून दिलेत. साडेतीन इंची डिस्क चालू असताना साधारण ५ ते ८ वॉट वीज घेते, म्हणजे एखाद्या लहान एलईडी दिव्याएवढी. एवढीशी उष्णता हलक्या वाऱ्यानेसुद्धा निघून जाते. मात्र दोन डिस्क एकमेकींना चिकटून, केबलींच्या गुंत्यामागे बसल्या असतील, तर ती त्यांच्या धातूच्या कवचातच साचत राहते.

एसी का नको, याचे आपले उत्तर मला फार पटले. पंख्याने डिस्क खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, त्यामुळे तिच्यावर दव धरण्याचा प्रश्नच येत नाही. पण एसीने थंडगार झालेल्या यंत्राला वीज जाताच खिडकी उघडून आपल्या किनाऱ्याची दमट हवा लागली, तर थंड धातूवर पाणी धरू शकते. पुढे काम करताना मी डिस्कच्या वरच्या बाजूला अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवायला निघाले होते, तोही हात आपण वेळीच धरलात. तिथले बारीक छिद्र आतल्या व बाहेरच्या हवेचा दाब सारखा राखण्यासाठी असते आणि ते झाकू नये असे डिस्कवरच छापलेले होते, ते मी इतक्या वर्षांत वाचलेही नव्हते.

प्रत्यक्ष काम एका संध्याकाळचे झाले. समोरच्या जाळीमागे ९२ मिलिमीटरच्या पंख्यासाठी भोके होतीच, पंखा तेवढा नव्हता. तो बसवून, डीव्हीडी ड्राइव्हच्या मोकळ्या जागेत एक डिस्क हलवून, केबली एका कडेला बांधून आपण बाजूचा पत्रा पुन्हा घट्ट लावलात. पत्रा काढून टेबलफॅन लावण्याची माझी जुनी युक्ती आपल्याला मुळीच पसंत नव्हती, कारण उघड्या डब्यात वारा कोठूनही शिरतो, डिस्कमधल्या फटीतून जाईलच असे नाही, आणि सोबत खारी धूळ मात्र भरपूर घेऊन येतो. पंख्याची तार एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डबीच्या) पिवळ्या आणि लाल तारांमध्ये जोडून आपण त्याला १२ ऐवजी ७ व्होल्टवर फिरवलेत. त्यामुळे रात्री चित्रफिती पाहताना त्याची घरघर संवादांच्या आड येत नाही. हे मात्र माझ्यासारख्या कोणी पाहून पाहून करण्याचे काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी खोली ३३ अंशांवर असताना डिस्क ४३ आणि ४१ दाखवत होत्या. मला ते आकडे अजून खाली आणण्याची हाव सुटली, तेव्हा गुगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्क तपासून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची आपण आठवण दिलीत. जितकी थंड तितकी टिकाऊ असे सरळ गणित त्यात निघाले नव्हते. खूप तापलेल्या, त्यातही तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये मात्र बिघाडाचे प्रमाण वाढलेले दिसले होते. माझी वरची डिस्क पाच वर्षांची आहे. "आता थंड कराचा पुरे, दुसरी प्रत खंय आसा ता सांग," हा आपला प्रश्न मला लागला, कारण दुसरी प्रत नव्हतीच.

ती आता झाली आहे आणि सावंतवाडीला बहिणीच्या घरी ठेवली आहे. पंख्यापुढची जाळी दर पंधरवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवते. पावसाळ्यात आत ओल धरू नये म्हणून काम नसले तरी यंत्र रोज तासभर चालू ठेवावे, हे आपले सांगणेही पाळते. आज सकाळी पावसाची सर येऊन गेल्यावर खोली २८ अंशांवर होती, डिस्क ३८ आणि ३६.

आपण फक्त पंख्याचे पैसे घेतलेत आणि कामाचे विचारताच विषय बदललात. आपल्या वाडीतल्या जत्रेचा प्रयोग मी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला आहे. बंदरावरून परतताना घेऊन जावा आणि त्या वेळी वहीतले नवे आकडेही एकदा नजरेखालून घालावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
दशावताराच्या चित्रफिती जपणारी