एका ग्लासात अख्खं पाकीट

प्रिय सोनू,

काल फोन ठेवला तरी तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. "आई मी सगळं सांगतो गं, पण या लोकांना सांगून काही उपयोग नाही." तू दमला होतास, दिवसभर एवढे पेशंट बघायचे म्हणजे कोणीही वैतागेल, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण मला ते पटलेलं नाही, आणि का ते फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितेय.

मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. जुलाब लागलेलं एक बाळ आलं, फार सिरीयस नव्हतं. मी त्याच्या आईला ओआरएसचं, म्हणजे साखर-मिठाच्या पुडीचं, पाकीट दिलं, म्हटलं हे पाण्यात घालून थोडं थोडं पाजत रहा. तिने मान डोलावली आणि गेली. दुसऱ्या दिवशी बाळ परत आलं ते जीभ कोरडी पडलेलं, सारखं किरकिरत होतं, पाणी दिसलं की झेपावत होतं. काय केलं विचारलं तर म्हणाली, तुम्ही सांगितलं तसंच. मग मी म्हटलं, करून दाखव बरं. तिने पाकीट फोडलं आणि एका ग्लासात सगळंच्या सगळं ओतलं. एक लिटर पाण्याचं पाकीट! एवढं मीठ पोटात गेलं की ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं, म्हणजे मी दिलेल्या औषधानेच ते बाळ सुकत होतं. पाकिटावर सगळं छापलेलं होतं पण तिला वाचता येत नव्हतं, आणि मी ते विचारलंसुद्धा नव्हतं. बाळ वाचलं, पण त्या ग्लासाची आठवण अजून जात नाही. तिने माझा शब्द न् शब्द पाळला होता रे, "पाण्यात" म्हणाले होते मी, किती पाण्यात ते माझ्या तोंडून निघालंच नव्हतं.

तू डॉक्टर आहेस, आतड्यात साखर मिठाला बरोबर घेऊन आत जाते आणि त्यांच्यामागून पाणी, हे तुला मी काय सांगणार. पण ही माहिती लोकांपर्यंत कशी गेली ते तुमच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. आधी शंभरातले जवळजवळ 30 जात होते, ते 4 च्याही खाली आले. नर्स नाही, सुई नाही, घरचंच माणूस वाटी धरून बसलेलं. मला त्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, की त्यांनी ती गोष्ट आपल्या हातातून सोडून दुसऱ्याच्या हातात दिली.

आणि पुढे 1980 च्या दशकात ब्रॅक नावाच्या संस्थेने बांगलादेशात घरोघर बायका पाठवून सव्वा कोटीच्या आसपास आयांना हे शिकवलं. माप काय, तर मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ, कारण मोजायचा चमचा घरात असेलच असं नाही पण हात प्रत्येकीला आहे! शिकवणाऱ्या बाईला पैसे किती घरं फिरली यावर नाही मिळायचे, नंतर दुसरं माणूस जाऊन आईला विचारायचं आणि तिला किती आठवतंय, पाणी बरोबर बनवता येतंय का, त्यावर मिळायचे. तरी सुरुवातीला आया तोंडपाठ सांगायच्या पण प्रत्यक्षात फार थोड्या वापरायच्या. शोध घेतला तर निघालं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळी घेत. हे वाचलं तेव्हा मी फार वेळ विचार करत होते, आपणही कितीदा असं सांगतो ना, आपल्याला स्वतःला न पटलेलं.

म्हणून तुला म्हणते, "कळलं का?" हा प्रश्न टाकूनच दे. डॉक्टरसमोर "नाही कळलं" कोण म्हणणार, लाज वाटते माणसाला. त्यापेक्षा असं म्हण, की मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा. मग चुकलं तर चूक तुझ्या सांगण्यात निघते, त्यांना ओशाळं व्हावं लागत नाही. दोन मिनिटं जास्त जातात, माहितीय मला, बाहेर रांग असते. पण तेच बाळ दुसऱ्या दिवशी सुकून परत आलं तर किती तास जातात ते तू बघतोसच.

आणि लिटर म्हणू नकोस, लिटरची बाटली दाखव, त्यांच्याच घरचं भांडं असेल तर त्यावर खूण करून दे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा हं, तोही दाखव. बाळाला द्यायच्या आधी चव बघायला सांग, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करायचं. ही खूण मी शेकडो बायकांना सांगितली, कुणी विसरल्याचं आठवत नाही, रडून कसं लागतं ते सगळ्यांनाच माहीत असतं ना. जुलाबात देतात त्या झिंकच्या गोळ्यांचंही तसंच, जुलाब थांबले की आया गोळी बंद करतात कारण 10 ते 14 दिवस कशासाठी ते कुणी सांगितलेलंच नसतं. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याचं प्रमाण कमी होतं एवढं सांगून बघ.

ती ग्लासवाली बाई नंतर आली होती, महिन्या-दोन महिन्यांनी, बरोबर शेजारीण आणि शेजारणीचं बाळ. मी बाटली काढायला उठले तर तिनेच ती माझ्या हातातून घेतली आणि शेजारणीला म्हणाली, आधी इथपर्यंत पाणी भर, मग पाकीट फोड.

माझ्याकडे लिटरच्या वीसेक रिकाम्या बाटल्या जमल्यात, धुवून ठेवल्यात. पुढच्या वेळी आलास की घेऊन जा.

तुझी,
आई