मोटरहोमचा एसी बदलायच्या आधी व्होल्टेज बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेत मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरण्यावर अधूनमधून चांगले लेख येतात, पण त्यात कुठं काय बघावं एवढंच असतं, गाडीच्या छतावरचा एसी भर उन्हात बंद पडला तर काय करायचं हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझं इचलकरंजीत ३२ वर्षं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, यंत्रमागाच्या मोटरी, विहिरीवरचे पंप सगळं हाताखालून गेलंय, आणि आता दरवर्षी दोन-तीन महिने मी मुलाकडं फिनिक्सला असतो. आपल्याकडचे कितीतरी आईवडील असेच उन्हाळ्यात मुलांकडं जातात आणि मुलं हौसेने मोटरहोम काढतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

मागच्या जूनमध्ये मुलाच्या सेकंडहँड मोटरहोममधून आम्ही निघालो, मी, सौ., मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. ॲरिझोनातला जून म्हणजे दुपारी ४२-४३ डिग्री, आणि गाडी उभी राहिली की आत भट्टी. मुक्कामाच्या जागेवर प्रत्येक गाडीसाठी विजेची पेटी असते, तिला पेडेस्टल म्हणतात, तिथं केबल लावायची आणि एसी चालू करायचा. दुपारी चारला एसी लावला तर पंखा मस्त फिरतोय पण कॉम्प्रेसर नुसता घुंऽऽ करतो, पाच-सहा सेकंदांनी टक्‌ असा आवाज येतो आणि गप्प. थोड्या वेळाने परत तेच. ज्यांच्या शेतात पंप आहे त्यांना हा आवाज लगेच कळेल, मोटर उचलत नाही तेव्हा अगदी असंच होतं, आणि तो टक्‌ आवाज म्हणजे ओव्हरलोडने मोटर जळू नये म्हणून सप्लाय तोडलेला असतो.

तिथल्या एका मेकॅनिकला बोलावलं. तो शिडीने वर गेला, दहा मिनिटांत खाली आला आणि म्हणाला कॉम्प्रेसर गेला, अख्खं युनिट बदलावं लागेल. मीटर त्याने बॅगेतून बाहेर काढलाच नाही. मला ते बघवेना. घुं करणारी मोटर म्हणजे गेलेली मोटर असं आमच्या दुकानात पोरगंसुद्धा म्हणायचं नाही, आधी सप्लाय बघ, मग कंडेन्सर (मोटरला उचलायला मदत करणारा कपॅसिटर) बघ, मग मोटर उघड, हा क्रम.

मग मी मुलाचा मल्टीमीटर घेतला. एसी बंद असताना गाडीतल्या सॉकेटला ११८ व्होल्ट, म्हणजे उत्तम, कारण तिथं सप्लायच १२० चा असतो. आता इथंच बहुतेक लोक फसतात, बंद असताना व्होल्टेज बघतात आणि सप्लाय ठीक आहे म्हणून मोकळे होतात. बघायचं असतं लोडवर! मुलाला एसी चालू करायला लावला आणि कॉम्प्रेसर घुं करत असताना आकडा बघितला तर ९०. मग तेच पेडेस्टलवर जाऊन मोजलं, कॉम्प्रेसर उचलायच्या प्रयत्नात असताना तिथं ११२. म्हणजे पेटीपासून गाडीच्या आतपर्यंत २२ व्होल्ट कुठंतरी गायब होत होते. जेवढी वीज गायब तेवढी तिथं उष्णता झाली, म्हणून मी मेन ब्रेकर पाडला, केबल काढली आणि हात लावून शोधायला लागलो. गाडीच्या अंगाला जिथं केबल फिरवून लॉक होते तो प्लग इतका गरम होता की हात ठेववेना. बाहेर काढून बघितला तर तीनपैकी एक पात काळी-तपकिरी, बाजूचं प्लॅस्टिक वितळून थेंब लोंबलेला, आणि सॉकेटमधली चिमटी ढिली. कित्येक वर्षं गाडी हादरे खातेय, कुणी पात साफ केली नाही, आणि कितीतरी वेळा एसी चालू असतानाच केबल ओढून काढली असणार, त्याने स्पार्किंग होऊन कार्बन धरतो.

मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, व्होल्टेज निम्मं झालं तर जोर पावच राहतो, हे आमच्याकडं पंपवाल्या शेतकऱ्याला न शिकता माहीत असतं, लाईट डिम असताना मोटर लावायची नाही. १३,५०० बीटीयूचा एसी चालताना १२-१३ अँपिअर घेतो पण उचलताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो, आणि ढिल्या जॉइंटची खरी परीक्षा त्याच क्षणी होते.

नवा ३० अँपिअरचा प्लग आणि गाडीवरचं सॉकेट आणून बसवलं. कॉम्प्रेसर उचलला, पण कुथत कुथत. म्हणून वर चढलो, सप्लाय बंद करून कव्हर काढलं आणि कंडेन्सर बघितला, त्यावर छापलेलं ४५ मायक्रोफॅरड, मोजलं तर ३७. तोही बदलला. (कंडेन्सर सप्लाय काढल्यावरही चार्ज धरून बसतो, तो आधी डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका, आणि ज्याने कधी हे काम केलेलं नाही त्याने वर जाऊच नये.) नंतर टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) लावला, १२.८ अँपिअर, तासाभरात गाडी गार. सगळा खर्च ६० डॉलरच्या आत झाला आणि नवीन युनिट वाचलं. टाँग टेस्टर लावताना एकाच वायरभोवती लावायचा, अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दाखवतो, हे मी मुद्दाम सांगतो कारण मुलाने पहिल्यांदा तसंच केलं.

आता आपल्याकडच्या वायरमन भावांसाठी एक अगदी महत्त्वाची गोष्ट. तिथं मोटरहोमची ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टची असते, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. पण घरी अंगणात असं सॉकेट बसवून घेतलं तर नेहमीचे इलेक्ट्रिशियनसुद्धा ते कपड्याच्या ड्रायरसारखं समजून २४० जोडून देतात, आणि गाडी लावताक्षणी एसीचं बोर्ड, मायक्रोवेव्ह, चार्जर सगळं जळतं. आपली नजर आयुष्यभर २३० बघायला सरावलेली, मीटरवर २४० दिसलं तर आपल्याला काही चुकलंय असं वाटतच नाही! म्हणून फेज-न्यूट्रल मोजून १२० च्या आसपास दिसलं तरच ब्रेकर पाडून केबल लावायची आणि मग ब्रेकर चालू करायचा. ५० अँपिअरच्या मोठ्या गाड्यांना दोन फेज असतात, तिथं न्यूट्रल ढिला झाला की एकीकडं १८०, दुसरीकडं ६० असं काहीही होतं. आपल्याकडं खांबावरचा न्यूट्रल तुटला की गल्लीतले टीव्ही जळतात, तोच प्रकार.

आणि गाडीच्या दरवाजाला किंवा पायरीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर तेवढ्याने काय होतंय म्हणू नका. अर्थिंग तुटलंय, गाडीच्या बॉडीत करंट आलाय. लहान मूल ओल्या पायांनी गवतात उभं राहून दार धरतं, माझी नात दिवसातून दहा वेळा धरायची. कुणालाही बॉडीला हात लावू न देता आधी पेडेस्टलवरचा ब्रेकर पाडायचा, मग केबल काढायची. घरच्या साध्या सॉकेटमध्ये लावायला ॲडॉप्टर मिळतो, त्यावर बागेतली बारीक एक्स्टेन्शन वायर जोडून एसी चालवायचा तर अजिबात नाही, ३० अँपिअरला १० गेजची जाड केबल लागते.

एसी काहीच आवाज करत नसेल, पंखासुद्धा नाही, तर वर चढायच्या आधी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि तिचा फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत भिंतीवरचा थर्मोस्टॅट १२ व्होल्टवर चालतो, बॅटरी उतरली की छतावर १२० व्यवस्थित येत असूनही एसीला चालू हो म्हणून सांगणारा कुणी नसतो.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, पुढं-मागं आपल्याकडंही अशा गाड्या वाढतील. कॅरॅव्हॅन पार्क उभारणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक जागेला वेगळा ब्रेकर, ईएलसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि मोजून तपासलेलं अर्थिंग द्यावं, आणि पेटीवर शंभर-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर लावावा, म्हणजे गाडी लावणाऱ्याला आधीच दिसेल. यावर तुमच्या पेपरने तज्ज्ञांकडून एकदा सविस्तर लिहून घ्यावं.

आपला,
एक जुना रिवायंडर, इचलकरंजी

(सध्या मुक्काम फिनिक्स, ॲरिझोना)