शिफ्ट बदलली नव्हती

पुणे,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि माझं राहून जातं. म्हणून शेवटी कागद घेतला.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आले होते, तेव्हा चार दिवस नुसती झोपून काढले. आईने विचारलं तर म्हटलं, शिफ्ट बदललीय. शिफ्ट वगैरे काही बदलली नव्हती. माझ्या हातून एका ग्राहकाच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या होत्या आणि ऑफिसने माझ्याकडून लाइव्ह सर्व्हर, म्हणजे ग्राहकांचं खरं काम चालतं तो, काढून घेतला होता.

बाबा, तुम्हाला हे समजावणं सोपं आहे. पतसंस्थेत तुमची आधी रोजकीर्द, मग खतावणी. डेटाबेसचंही तसंच असतं. बदल आधी लॉगमध्ये उतरतो, टेबलाची फाईल मागाहून लिहिली जाते. मध्येच सर्व्हर बंद पडला तरी लॉग वाचून टेबल पुन्हा उभं राहतं. २००५च्या पुरात खतावण्या भिजल्या, तेव्हा वरच्या फळीवरच्या कीर्दी वाचल्या होत्या आणि तुम्ही महिनाभर रात्री बसून सगळं पुन्हा उतरवलंत. मी त्याच कामाचा पगार घेते.

तर झालं असं. नऊ वर्षं मी ओरॅकल या विकतच्या डेटाबेसवर काढली होती. लायसन्सचा खर्च नको म्हणून ऑफिसने सगळं पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर हलवायला घेतलं. ओरॅकलच्या कमांड विंडोत 'डिलीट' दिलं तरी 'कमिट' म्हणेपर्यंत ते पक्कं होत नाही. चुकलं तर 'रोलबॅक', की केलेलं मागे. पोस्टग्रेसच्या विंडोत तसं नाही. तिथे आपण आधी 'बिगिन' म्हटलं नसेल तर प्रत्येक कमांड जागच्या जागी पक्की होते. हे मला माहीत होतं, पण बोटांना कुठे माहीत होतं! त्यात टेस्ट आणि लाइव्ह अशा दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या. दुपारी चारच्या सुमाराला चुकीच्या खिडकीत एंटर दाबलं. किती ओळी पुसल्या गेल्या तो आकडा बघून पोटात गोळा आला. घाईघाईने 'रोलबॅक' टाइप केलं. उत्तर आलं, असा कुठला व्यवहार चालूच नाही.

पुसलेल्या ओळी पोस्टग्रेसमध्ये थोडा वेळ जागेवरच पडून असतात. झाडलोट करणारा ऑटोव्हॅक्यूम तेवढा थांबवायला हवा होता. ते मला सुचलं तोवर त्याने झाडून टाकलं होतं. बॅकअप होता, पण पहाटे दोनचा. त्यानंतरच्या लॉगच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारी स्क्रिप्ट रोज 'सक्सेस' लिहायची. उघडून बघितलं तर सगळ्या फायली शून्य आकाराच्या. कितीतरी दिवसांत त्या कुणी उघडल्याच नव्हत्या. कुणी म्हणजे मीच.

ग्राहक औषधांचा घाऊक व्यापारी होता. १४ तासांच्या ऑर्डरी गेल्या. मग आम्ही सहा जणांनी दुकानादुकानांत फोन करून त्या परत लिहून घेतल्या. रात्री एक वाजता बेरीज लावली तर गोदामाच्या चलनांशी २७०चा फरक. सगळे म्हणाले, जाऊ दे, सकाळी बघू. मला मार्च अखेरीची तुमची तेरीज आठवली. फरक नऊने भागून बघ, भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, असं तुम्ही सांगायचात. भाग गेला. वीस मिनिटांत सापडलं. १,५२० च्या जागी १,२५० लिहिलं होतं, तेही माझ्याच अक्षरात. आई, त्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि थोडी हसलेही.

पुढचे आठ महिने मला नुसते रिपोर्ट बनवायला बसवलं. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा लीड झाला. त्याचा राग नाही. राग आला तो मीटिंगमध्ये माझ्यासमोर "हिला प्रॉडक्शनपासून (म्हणजे लाइव्हपासून) लांब ठेवा" म्हणणाऱ्यांचा, कारण स्क्रिप्ट तपासायची नोंद त्यांच्याही यादीत होती. असो.

त्या काळात रात्री एक अहवाल पुन्हा पुन्हा वाचायचे. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब नावाच्या कंपनीतल्या इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. सुमारे ३०० जीबी. बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धड चालू नव्हती. कुणीतरी सहा तास आधी सहज काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर सगळं निभावलं. त्या लोकांनी दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि काय काय चुकलं ते स्वतःच जाहीर लिहिलं. वाचून मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

नोकरी शोधताना सुरुवातीला हा प्रकार मी गाळायचे. "गेले आठ महिने काय करत होता?" इथे अडकायचे. सात ठिकाणी नकार आला. एकाने तर सांगितलं की २०१८ पासून ओरॅकल स्वतःच स्वतःला सांभाळणारा डेटाबेस विकतंय, डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारं माणूस, आता कशाला? त्यात थोडं तथ्य आहे, बाबा. दुरुस्तीचे पॅच लावणं, शोध जलद करणारे इंडेक्स सुचवणं ही हमाली मशीन करते आणि करावीच. पण ग्राहकाला किती तासांचं नुकसान सोसेल, हे त्याच्यासमोर बसून विचारायला अजून माणूसच लागतो.

आठव्या ठिकाणी मी सरळ सगळं सांगितलं. त्यांनी पाऊण तास तेवढंच विचारलं. शेवटी एक बाई म्हणाल्या, आमचे बॅकअप तुम्ही कसे तपासाल? मी म्हटलं, दर शुक्रवारी रिकाम्या मशीनवर पूर्ण उभा करून. नोकरी मिळाली. तो शुक्रवार अजून चालू आहे. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा बॅकअप उभाच राहिला नाही, तेव्हा आधी शिव्या देणारे नंतर चहा घेऊन आले. परवा त्यांनी मला टीम दिली, पाच जणांची. लाइव्हची खिडकी आमच्याकडे आता लालभडक असते.

बाबा, माळ्यावरच्या तुमच्या जुन्या रोजकीर्दीतल्या दोन काढून ठेवा. पोरांना दाखवायच्यात. शनिवारी येतेय. माझी ऑनकॉलची पाळी आहे, काही बिघडलं तर घरूनच बघावं लागेल, तेव्हा राउटर फ्रिजमागून काढून ओट्याजवळ ठेवा, तिथेच जरा रेंज येते. आणि आई, गुडघ्याचे एक्स-रे शोधून ठेव. "सापडत नाहीत" चालणार नाही.

तुमची,
ताई